घरची चित्रवीथि

छायाचित्रें काढणें आतां जितकें सोपें झालें आहे, तितकेंच तीं मांडणें कठीण होऊन बसलें आहे. आमच्या लहानपणीं याच्या अगदीं उलट स्थिति होती. घरांत छायाचित्रें चार-सहा, भिंतीस खिळे तितकेच. आणि कोणती चौकट कोणत्या खिळ्यास टांगावयाची, हें कोणी बसून ठरविलें होतें असें नाहीं, तरी तें सर्वांस ठाऊक असे. आजे-पणजे बैठकीच्या मुख्य भिंतीवर, रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील तसबिरी देवघराच्या बाजूस, नव्या जोडप्याचें छायाचित्र माजघराच्या दाराशेजारीं. चौकटी वरच्या अंगास जरा पुढें कललेल्या असत, कारण पाहणारा खालीं बैठकीवर बसलेला असे. आतां चौकटी गेल्या, भिंतीही आंखुडल्या, छायाचित्रें मात्र हजारांनीं वाढलीं. आणि त्यांची व्यवस्था लावण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्यास पहिल्यांदाच कळतें कीं मांडणी म्हणजे केवळ शोभेची गोष्ट नव्हे.

आमचें घराणें मूळचें कड्याचें. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतलें, नगर-जामखेड रस्त्यावरचें हें बाजाराचें गांव. २०२२ सालीं नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे आली आणि कड्यासही स्थानक झालें; पण तोंपर्यंत घरांतलीं मुलें कधींच बाहेर पडलीं होतीं. आज थोरले बंधू आणि मी जुन्या घरांत आहों, धाकटा भाऊ नागपुरास, एक पुतण्या पुण्यास, पुतणी न्यू जर्सीस. चूल चार ठिकाणीं पेटते, तरी कुळधर्मास सारीं एकत्र जमतात, म्हणून आम्ही अद्याप एकत्र कुटुंब म्हणवितों. गेल्या दिवाळींत पुण्याच्या पुतण्यानें असा बेत काढला कीं, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटींतलीं सर्व छायाचित्रें यंत्रानें उतरवून घ्यावींत आणि घराण्याचें एक संकेतस्थळ करून त्यांत ठेवावींत, म्हणजे ज्यास वाटेल त्यानें वाटेल तेथून पाहावींत. क्रम लावण्याचें आणि नांवें सांगण्याचें काम माझ्याकडे आलें. शाळेंतून निवृत्त झालेल्या माणसास घरांत असलींच कामें मिळतात.

‘संकेतस्थळ’ हा शब्द ऐकून मला प्रथम हंसूं आलें. संस्कृत काव्यांत संकेतस्थळ म्हणजे अभिसारिकेनें आपल्या प्रियकरास भेटण्याची ठरलेली जागा. वेबसाइट या इंग्रजी शब्दास ज्या कोणी हा प्रतिशब्द दिला, त्यानें काव्यें वाचलीं नसावींत, किंवा पुष्कळच वाचलीं असावींत. पुतण्यास हें सांगितलें, तर तो म्हणाला, “काका, भेटण्याची जागाच ना? मग शब्द बरोबर आहे.” त्याच्या या उत्तरानें शब्दाशीं माझें भांडण मिटलें.

पेटी उघडली तेव्हां पहिली अडचण ही दिसली कीं, कोणतीं दोन छायाचित्रें एका आकाराचीं नाहींत. जुन्या छायाचित्रकारांच्या कांचेच्या मोठ्या फोटोपट्ट्या साडेसहा इंच बाय साडेआठ इंच असत. त्यांचे ठसे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले. साठ-सत्तरच्या दशकांत मध्यम वर्गाच्या घरोघरीं आलेला आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा बडोद्यास तयार होई. त्याचें चित्र बरोबर चौरस, सहा सेंटिमीटरचें, आणि एका गुंडाळीवर बारा. पुढें ३५ मिलिमीटरची फिल्म आली, तिचें चित्र तीनास दोन या प्रमाणाचें. आणि आतांचे मोबाइलचे फोटो बहुधा उभे, कारण माणूस तें यंत्र उभेंच हातांत धरतो. चार पिढ्यांचे चार आकार. यांस एका पानावर बसवावयाचें कसें?

पुतण्यानें प्रथम जी मांडणी करून आणली, ती सर्वांत सोपी आणि सर्वांत प्रचारांतली: चौरस जाळी. बुद्धिबळाच्या पटासारखीं सारखीं घरें, प्रत्येक घरांत एक चित्र. दिसावयास टापटीप. इन्स्टाग्राम २०१० सालीं निघालें तेव्हां तेथें केवळ चौरस चित्रेंच घेत. आडवीं-उभीं चित्रें घेण्यास २०१५ साल उजाडलें. तोंपर्यंत जगाच्या डोळ्यांस चौरसाची संवय लागून गेली होती. या जाळीची रीत अशी कीं, चित्र चौरसाहून रुंद असेल तर यंत्र मधला भाग ठेवतें आणि दोन्ही बाजू झांकून टाकतें. मूळ चित्रास धक्का लागत नाहीं. बोट लावलें कीं तें पूर्ण उघडतें. पण पानावर दिसतो तो मधला चौरसच.

आतां पेटींत १९५२ सालचें एक छायाचित्र आहे. साल मागें शाईनें लिहिलेलें आहे. घरांतल्या एका मुंजीच्या वेळीं वाड्याच्या चौकांत, नगरहून आलेल्या छायाचित्रकारानें तिपाईवर पेटी उभी करून तें काढलें. माणसें एकतीस. खुर्च्यांवर पुरुष, मागें स्त्रिया, पुढें सतरंजीवर मुलें, मध्यें बटु. उजव्या टोकास, खांबाला टेकून, निम्मी उन्हांत निम्मी सावलींत, आलवण डोक्यावरून घेतलेली माझी आत्या उभी आहे. आलवण तांबडें असे. कृष्णधवल चित्रांत तें काळें उमटलें आहे. बाराव्या वर्षीं ती विधवा होऊन माहेरीं आली आणि १९७४ सालीं याच घरांत गेली. तिच्या भावांस शास्त्रीबुवा अमरकोश शिकवीत, तो हिनें दाराआड बसून पाठ केला होता. आणि पुढें मला तो तिनेंच म्हणावयास लावला, चुकलें कीं पुन्हा पहिल्यापासून. माझें उभ्या आयुष्याचें अन्न ज्या विद्येवर चाललें, तिचा पहिला धडा मला आत्यानें दिला. तिचें दुसरें छायाचित्र कोठेंही नाहीं.

हें चित्र साडेआठ इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच आहे. चौरसांत बसविलें कीं दोन्ही बाजूंचा एकेक इंच जातो. उजव्या इंचांत आत्या आहे. डाव्या इंचांत बैलगाडीच्या जुवाजवळ उभा असलेला आमचा घरगडी आहे. मीं पुतण्यास तेवढेंच दाखविलें. तो म्हणाला, “काका, बोट लावलें कीं सगळें दिसतें.” मीं म्हटलें, “अरे, जी तेथें आहे हेंच दिसत नाहीं, तिला पाहावयास बोट कोण लावील?” त्यावर त्यानें यंत्रास सांगून चित्र उजवीकडे सरकविलें, आत्या आली, पण मग गडी गेला तो गेलाच, आणि त्याच्या बरोबर धाकटे चुलतेही गेले.

अशा चित्रांत कडेला कोण उभें असतें, याचा वाचकांनीं आपापल्या घरचें जुनें चित्र काढून विचार करावा. मध्यभागीं बसणारांस कोणतेंही यंत्र कापीत नाहीं. छायाचित्रकार माणसांस बसवीत होता तेव्हांच अर्धी मांडणी होऊन गेली होती. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा, अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ सालचा, आणि तरीही १९५२ सालीं कड्याच्या चौकांत आत्या खांबाशींच उभी होती. जुन्यांनीं तिला कडेस तरी उभें केलें. आमच्या टापटिपीच्या जाळीनें तिला चौकटीबाहेर काढलें.

चौरस जाळी अशी बाद झाली. दुसरी मांडणी पुतण्या मॅसनरी म्हणून सांगूं लागला, म्हणजे गवंडीकाम. उभे रकाने पाडावयाचे, प्रत्येक चित्राची रुंदी सारखी आणि उंची जिची तिची; पुढचें चित्र ज्या रकान्यांत जागा आधीं मोकळी होईल त्यांत जाऊन बसतें. खेड्यांतला गवंडी अनघड दगडांची भिंत रचतो, तसेंच हें. यांत कोणाचें डोकें कापलें जात नाहीं, हा मोठा गुण. पण वाचावयाचें आडवें कीं उभें, हेंच समजत नाहीं. लग्न आधीं, मग मुंज, मग वाङ्निश्चय असा क्रम लागला. एका मोठ्या चौकटींत वीस-पंचवीस लहान फोटो एकमेकांवर चढवून चिकटविण्याची रीत पूर्वी कित्येक घरीं होती, तिची मला आठवण झाली. तीं चौकट दुरून भरगच्च दिसे, आणि जवळ जाऊन पाहिलें तर कोणाचें तोंड कोणाच्या फेट्याखालीं दडलेलें असे.

तिसरी रीत मात्र मला पसंत पडली, आणि तिच्यांतलें गणित शाळेंतल्या त्रैराशिकाचें आहे म्हणून अधिकच. एका ओळींतल्या सर्व चित्रांची उंची सारखी, रुंदी ज्याची त्याची. प्रत्येक चित्राची रुंदी उंचीच्या कितीपट आहे तें काढावयाचें, त्यांची बेरीज करावयाची, आणि पानाच्या रुंदीस त्या बेरजेनें भागावयाचें. येईल ती ओळीची उंची. समजा, पान १२०० ठिपके रुंद आहे. ओळींत एक आडवें चित्र दीडपट, एक चौरस एकपट, पुन्हा एक आडवें दीडपट, बेरीज ४. १२०० भागिले ४ म्हणजे ३०० ही उंची. रुंद्या ४५०, ३०० आणि ४५०. ओळ काठोकाठ भरली, आणि कोणाचा केंसही कापला गेला नाहीं. डावीकडून उजवीकडे वाचीत जावें, आपल्या पुस्तकासारखें.

तरी समूहाच्या चित्रास याही मांडणींत न्याय मिळत नाहीं. मोबाइलच्या पडद्यावर एकतीस माणसें ओळींतल्या तिसऱ्या हिश्शांत बसविलीं, तर तोंडें मोहरीएवढीं होतात. म्हणून तीन-चार व्यक्तींचीं चित्रें ओळींत आणि समूहाचें चित्र मध्येंच एकटें, पानभर रुंद, असें ठरलें. मूळ ठसे इंचास सहाशें ठिपके या हिशेबानें उतरवून वेगळे जपून ठेवले. पानावर ठेवावयाच्या प्रती पुष्कळ लहान, नाहींतर गांवाकडे पान उघडतां उघडतां चहा थंड होतो.

न्यू जर्सीच्या पुतणीची सूचना होती कीं, चित्रें आपोआप एकामागून एक सरकावींत, म्हणजे हात लावावयास नको. तीस मीं नकार दिला. आपल्याकडे चित्रें एकामागून एक दाखविण्याची विद्या जुनी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथींतलीं चित्रें क्रमानें एकेक करून पुढें धरतात आणि त्यावर कथा गातात. दोन चित्रें पाठीस पाठ लावून चिकटवलेलीं, म्हणजे पान उलटलें कीं पुढचा प्रसंग. त्या परंपरेंतल्या परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. पैठणी म्हणून ओळखलीं जाणारीं याच जातीचीं चित्रें पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयांत पाहावयास मिळतात. पण तेथें पान उलटणारा माणूस असतो. ऐकणाराचे डोळे भरून आले तर तो थांबतो; मूल कंटाळलें तर पुढें जातो. चार सेकंदांनीं आपण होऊन सरकणारें चित्र कोणासाठीं थांबत नाहीं, आणि आमच्या वयाच्या माणसांस चार सेकंदांत चष्माही सांपडत नाहीं.

क्रम कालाचा लावावा कीं स्थळाचा, यावर नागपूरच्या भावाचा आणि माझा बराच पत्रव्यवहार झाला; पत्रव्यवहार म्हणजे मोबाइलवरचा, पण लांबी पत्राचीच. त्याचें म्हणणें, कड्याचीं चित्रें एकत्र, नागपूरचीं एकत्र, परदेशचीं एकत्र ठेवावींत. त्यास आधार मोठा आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यांत पांचव्या शतकांतल्या चित्रकारांनीं जातककथा रंगवितांना पुष्कळ ठिकाणीं कालक्रम सोडून स्थळाचा क्रम धरला आहे: राजवाड्यांत घडलेले प्रसंग एकीकडे, अरण्यांतले दुसरीकडे, मग त्यांत आधींचें कोणतें आणि नंतरचें कोणतें याची फिकीर नाहीं. पण ती भिंत पाहणारास कथा आधींच ठाऊक असे किंवा सांगणारा भिक्षु शेजारीं उभा असे. आमच्या नातवंडांस कथाच ठाऊक नाहीं. ज्यास गोष्ट माहीत नाहीं, त्यास ती पहिल्यापासून सांगावी; म्हणून कालक्रम. भावानें हें मान्य केलें, मात्र नागपूरच्या संत्र्याच्या बागेंतलीं सात चित्रें एकत्र राहिलीं पाहिजेत ही अट घातली. तीं सातही एकाच दिवसाचीं असल्यामुळें अट पाळण्यास मला कष्ट पडले नाहींत.

खरा वाद घरांतच झाला. मुंजीचें चित्र पानभर लावलेलें पाहून थोरले बंधू म्हणाले, “आत्याला असें मोठें करून कशाला दाखवितां? केशवपन केलेली, आलवण नेसलेली. नातवंडें विचारतील, आपण काय सांगणार? चौरसांत ती दिसत नव्हती, तेंच बरें होतें.” सूनबाई दारांत उभ्या होत्या; त्या एवढेंच म्हणाल्या, “मामंजी, विचारतील तर सांगूं या कीं.” दादांनीं त्यावर उत्तर दिलें नाहीं.

दादांचें संस्कृत माझ्याहून चांगलें. म्हणून मीं त्यांस उत्तररामचरिताचा पहिला अंक आठवून दिला. भवभूति हा विदर्भांतल्या पद्मपूरचा, म्हणजे आपल्याच मुलखाचा; आणि एका कुटुंबाची चित्रवीथि कुटुंबानेंच पाहिल्याचा याहून सुंदर प्रसंग माझ्या वाचनांत नाहीं. लक्ष्मण रामास आणि सीतेस त्यांच्याच आयुष्याचीं चित्रें क्रमानें दाखवीत जातो. मिथिलेंतल्या विवाहाचें चित्र येतें. तो सीता दाखवितो, मांडवी दाखवितो, श्रुतकीर्ति दाखवितो, आणि आपली पत्नी ऊर्मिला मात्र लाजेनें वगळतो. सीतेच्या तें लक्षांत येतें आणि ही चौथी कोण म्हणून ती मुद्दाम विचारते. लक्ष्मण तिचें लक्ष परशुरामाच्या चित्राकडे वळवितो. मीं दादांस म्हटलें, “दाखविणारानें गाळलेली ती एकटीच स्त्री, आणि नेमकें तिच्याविषयींच विचारलें जातें.”

दादा हंसले. म्हणाले, “मंथरा विसरलास वाटतें. त्याच अंकांत मंथरेचें चित्र येतें, तेव्हां राम कांहींएक न बोलतां पुढचें चित्र दाखवूं लागतो. मनाला जें लागतें तें ओलांडून जावें, असें प्रत्यक्ष रामाला वाटलें. मला वाटलें तर काय वावगें?”

उत्तर चोख होतें, आणि रात्रभर तें माझ्या मनांत घोळत राहिलें. सकाळीं मीं त्यांस म्हटलें, “रामानें मंथरेवरून नजर वळविली हें खरें. पण तें चित्र भिंतीवर होतें म्हणून तर नजर वळवितां आली. लक्ष्मणानें तें रंगवून घेतलें होतें. पुसून टाकलें नव्हतें. पाहणारानें पाहिजे तर पुढें जावें. मांडणारानें कापूं नये.”

दादा बराच वेळ सुपारी कातरीत बसले. मग म्हणाले, “ठेवा. पण कुलूप लावा. जगानें बघावयाचें कारण नाहीं.”

हें मात्र मलाही मान्य होतें. आत्यासाठीं नव्हे, लहान मुलांसाठीं. नातवंडांच्या न्हाण्याचीं, रडण्याचीं, गणपतीपुढें नाचण्याचीं चित्रें आपण हौसेनें लावतों. तीं मोठीं झाल्यावर त्यांस तें आवडेल कीं नाहीं, हें त्यांस विचारतां येत नाहीं. तेव्हां संकेतस्थळास परवलीचा शब्द घातला आहे आणि तो फक्त घरांतल्या माणसांस ठाऊक आहे. शब्द अर्थात् येथें सांगत नाहीं. अमरकोशांतला आहे एवढें सांगण्यास दादांची हरकत नाहीं.

शेवटीं राहिल्या चित्रांखालच्या ओळी. त्या चित्रावर बाण नेला म्हणजे उमटाव्यात, अशी पुतण्याची योजना होती; पण मोबाइलवर बाण नसतो, म्हणून त्या कायमच्या चित्राखालीं छापल्या. डावीकडून उजवीकडे, ओळीवार नांवें. धाकट्या काकूंची दृष्टि गेली आहे. त्यांच्यासाठीं प्रत्येक चित्राचें दोन वाक्यांत वर्णन लिहून आंत ठेवलें आहे, आणि त्यांचा मोबाइल तें मोठ्यानें वाचून दाखवितो. जुन्या चित्रांच्या मागें पुरुषांचीं पूर्ण नांवें आढळतात आणि बायकांच्या पुढें बहुतेक ठिकाणीं नुसतें ‘मंडळी’ असें लिहिलेलें असतें. माहेरचें नांव, सासरचें नांव, हें सारें विचारून गोळा करण्यास दोन महिने लागले. आत्याच्या नांवाशीं पुन्हा थांबावें लागलें. जें सासर तिनें चार दिवस पाहिलें, तें तिच्या नांवापुढें लावावयाचें कां? दादांनीं दोन्हीं घालावयास सांगितलीं, आणि त्याखालीं आपण होऊन लिहविलें: अमरकोश मुखोद्गत.

एकतीसांपैकीं तीस नांवें लागलीं. राहिला तो डाव्या टोकाचा गडी. घरांत सर्वजण त्यास केवळ हांकेच्या नांवानें ओळखीत. तें हांकेचें नांव चित्राखालीं छापणें मला बरें वाटेना. गेल्या महिन्यांत बाजाराच्या दिवशीं चौकशी करतां करतां त्याच्या नातवाचा पत्ता लागला. तो कांद्याच्या आडतीवर कामास आहे. त्यानें आजोबांचें पूर्ण नांव सांगितलें. मग पुतण्यानें पाठविलेलें चित्र माझ्या मोबाइलवर दोन बोटांनीं मोठें करून तो पुष्कळ वेळ पाहत राहिला. आजोबांचें एकही चित्र त्यांच्या घरीं नव्हतें. एक प्रत मिळेल का, असें त्यानें विचारलें. नगरच्या एका दुकानांत ती छापून घेतली. दुकानदारानें विचारलें, “एवढा एकच माणूस पाहिजे ना, कापून मोठा करूं का?” नातवानें सांगितलें, सगळें ठेवा.